तुम्ही थांबता तेव्हा एडिटर काय करतो

मिनिटाला 40 शब्द टाइप करणाऱ्याचा हात कीबोर्डवर चांगला बसलाय, असं आपण म्हणतो. शब्दाला सरासरी पाच कळा धरल्या तर हा वेग मिनिटाला 200 कळांचा झाला, म्हणजे एका कळीनंतर दुसरी पडायला 300 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे 90 कोटी ठोके होऊन जातात. आलेलं अक्षर मजकुरात घालायला आणि पडद्यावर दाखवायला त्यातला किरकोळ भाग पुरतो. बाकीचा वेळ एडिटर रिकामा. हे झालं सलग टाइप करतानाचं. पण माणूस सलग टाइप करतो कुठे? वाक्य अडतं, मागचा परिच्छेद पुन्हा वाचावासा वाटतो, फोन येतो, जेवायची वेळ होते. हे सगळं धरलं तर एडिटरचं जवळजवळ सगळं आयुष्य पुढच्या कळीची वाट पाहण्यात जातं.

एडिटरांची तुलना होते ती सोयींवर, रंगांवर, शॉर्टकटांवर. या वाट पाहण्याकडे कोणी फारसं बघत नाही. माझ्या मते मात्र एडिटर किती विचारपूर्वक बनवलाय, हे तुम्ही काहीच करत नसताना तो काय करतो यावरूनच जास्त कळतं. तुमचा मजकूर सुरक्षित राहतो तो याच वेळात, आणि लॅपटॉपची बॅटरी विनाकारण उतरते तीही याच वेळात.

वाट पाहण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सतत विचारत राहणं. कळ आली का? नाही. आता आली का? नाही. प्रोग्रॅमचं चक्र असंच फिरत राहतं आणि प्रोसेसर पूर्ण वेगाने ‘नाही’ हे एकच उत्तर मिळवत बसतो. संगणकावर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा, त्या काळात याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. एमएस-डॉस कळीची वाट पाहताना असाच घिरट्या घालायचा. पण त्या घिरट्यांचाही उपयोग करून घेण्याची सोय त्यात होती. कळ येईपर्यंत डॉस मधूनमधून इंटरप्ट 28 हेक्स नावाची हाक देत राहायचा आणि पार्श्वभूमीला छपाई करणारा प्रिंट हा प्रोग्रॅम ती हाक ऐकून आपलं काम थोडं पुढे सरकवायचा. तुम्ही विचार करत थांबलात की कागद दोन ओळी पुढे जायचा.

1984 च्या मॅकिंटॉशमध्ये हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने होती. तिथे प्रत्येक प्रोग्रॅम सिस्टिमला ‘काही घडलं का’ असं विचारत राहायचा. काही घडलं नसेल तर त्याला ‘रिकामी घटना’ मिळायची, आणि ती मिळाली की काय करायचं हे प्रोग्रॅमरने ठरवायचं. ॲपलच्या सूचना स्पष्ट होत्या. मजकूर लिहायची चौकट दाखवत असाल, तर चक्राच्या प्रत्येक फेरीत टीई-आयडल या फंक्शनला हाक मारा. त्याचं काम एकच, कर्सर लुकलुकता ठेवणं. म्हणजे पडद्यावरची ती उभी रेघ आपोआप लुकलुकत नव्हती. प्रोग्रॅमने रिकाम्या वेळात आठवणीने लुकलुकवली, तरच ती लुकलुकायची.

युनिक्सची गोष्ट पहिल्यापासून निराळी होती, कारण तिथे एका मशीनवर अनेक माणसं एकाच वेळी बसलेली असत. एकाच्या एडिटरने घिरट्या घालत प्रोसेसर अडवला तर बाकीच्यांची कामं रखडणार. त्यामुळे तिथे प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला सांगतो, ‘मला कीबोर्डवरून वाचायचं आहे.’ वाचण्यासारखं काही नसेल तर कर्नल त्या प्रोग्रॅमला झोपवतो. ही झोप खरीखुरी असते. चालू प्रोग्रॅमांच्या रांगेतून त्याचं नावच निघतं आणि त्याच्या वाट्याला प्रोसेसरचा एकही ठोका येत नाही. तुम्ही कळ दाबता, हार्डवेअरकडून इंटरप्ट येतो, कर्नल ते अक्षर टर्मिनलच्या खात्यात जमा करतो आणि मग त्या प्रोग्रॅमला उठवतो. लिनक्सवर टॉप हा प्रोग्रॅम उघडून बघा. नुसत्या उघडून ठेवलेल्या व्हिम या एडिटरच्या ओळीत ‘एस’ असं अक्षर दिसेल, म्हणजे झोपलेला, आणि प्रोसेसरच्या रकान्यात 0.0.

एवढ्यावर भागलं असतं तर या विषयात सांगण्यासारखं फार काही उरलं नसतं. पण जो प्रोग्रॅम कळ येईपर्यंत गाढ झोपतो, त्याला त्या वेळात दुसरं काहीच करता येत नाही. अर्धा तास तुम्ही विचार करत बसलात आणि वीज गेली, तर शेवटचं सेव्ह केल्यानंतर जे लिहिलं ते गेलं. म्हणून एडिटरला झोप तर हवी, पण गजर लावून. ही सोय सिलेक्ट या सिस्टिम कॉलने दिली. तो 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या 4.2बीएसडी या युनिक्समध्ये आला. सिलेक्टला दोन गोष्टी सांगता येतात. या-या ठिकाणांपैकी कुठूनही काही आलं तर मला उठव, आणि काही आलं नाही तरी इतक्या वेळाने उठव. आज पोल, ईपोल असे त्याचे धाकटे भाऊ वापरात आहेत, पण कल्पना तीच. एडिटरचा सगळा रिकामा वेळ त्या दुसऱ्या कलमावर, म्हणजे ‘इतक्या वेळाने उठव’ यावर उभा आहे.

आता व्हिम जवळून बघू. नेदरलँड्सच्या ब्रॅम मोलेनार यांनी 1991 मध्ये तो पहिल्यांदा सर्वांसाठी खुला केला आणि 3 ऑगस्ट 2023 रोजी त्यांचं निधन होईपर्यंत ते त्यावर काम करत राहिले. फाइलचं नाव न देता व्हिम उघडला तर कळीची वाट पाहताना तो पडद्याच्या मध्यभागी काही ओळी दाखवतो. त्यात युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, असं आवाहन असतं. व्हिम फुकट आहे, पण आवडला तर किबाले इथल्या मुलांसाठी पैसे द्या, ही मोलेनार यांची विनंती होती. रिकाम्या पडद्याचा याहून चांगला उपयोग मी कुठल्या प्रोग्रॅममध्ये पाहिलेला नाही.

तुम्ही व्हिममध्ये एक ओळ लिहिली आणि हात उचलला. व्हिम पडदा नीट रंगवून झोपतो, पण 4000 मिलिसेकंदांचा गजर लावून. हा आकडा अपडेटटाइम या सेटिंगमध्ये असतो. त्याआधी कळ आली तर गजर रद्द; अक्षर घ्यायचं, दाखवायचं, पुन्हा चार सेकंदांचा गजर लावून झोपायचं. चार सेकंद काहीच आलं नाही, की व्हिमला कळतं की माणूस थांबलाय. मग तो साठलेली कामं काढतो.

पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं काम स्वॅप फाइलचं. तुम्ही फाइल उघडली की व्हिम तिच्याच शेजारी टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची एक लपलेली फाइल तयार करतो आणि तुम्ही केलेले बदल त्यात उतरवत जातो. हे काम प्रत्येक अक्षराला केलं तर लिहिणं जड होईल, कारण डिस्कवर पक्कं उतरवायला वेळ लागतो. म्हणून नियम असा की 200 अक्षरं टाइप झाली की उतरवायचं, किंवा हात चार सेकंद थांबला की उतरवायचं. मजकुरात बदलच झाला नसेल, नुसता कर्सर इकडेतिकडे फिरला असेल, तर काही लिहायचं नाही. आणि ‘लिहिलं’ असं ऑपरेटिंग सिस्टिमने सांगितल्यावर व्हिम त्यावर विसंबत नाही. सिस्टिम बऱ्याचदा मजकूर मेमरीतच धरून ठेवते, म्हणून तो डिस्कवर खरोखर उतरवायला वेगळं सांगतो.

याच वेळी तो आणखी एक गोष्ट तपासतो आणि ती मला फार आवडते. स्वॅप फाइलमध्ये सगळा मजकूर असेलच असं नाही. जो भाग तुम्ही बदललेलाच नाही तो मूळ फाइलमधून परत घेता येईल, असा हिशेब असतो. पण तुम्ही विचार करत असताना दुसऱ्याच कोणी ती मूळ फाइल पुसली किंवा बदलली तर? तो हिशेब कोसळला. म्हणून या चार सेकंदांनंतरच्या फेरीत व्हिम मूळ फाइल जागेवर आहे का, बदललेली तर नाही ना, हे बघतो. काही गडबड दिसली तर सगळाच्या सगळा मजकूर स्वॅप फाइलमध्ये उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे मूळ फाइलची गरजच उरत नाही. हे सगळं होत असताना तुम्ही खिडकीबाहेर बघत असता.

त्याखेरीज व्हिम आपल्या स्क्रिप्टमधला, कोणी वापरत नसलेला कचरा गोळा करून मेमरी मोकळी करतो. ‘कर्सरहोल्ड’ नावाची घटनाही तेव्हाच घडते आणि प्लगइन लिहिणारे तिचा भरपूर उपयोग करतात. कर्सर ज्या शब्दावर थांबलाय त्याच्यासारखे बाकीचे शब्द उजळणं, त्या ओळीतली चूक सांगणं, गिटमधल्या बदलांच्या खुणा कडेला दाखवणं, हे सगळं त्यावर चालतं. ही घटना एका थांब्यात एकदाच घडते. तुम्ही कॉफी करायला उठलात तर दर चार सेकंदांनी ती पुन्हा घडत नाही, असं व्हिमच्या मदतपुस्तिकेत कॉफीच्या उल्लेखासकट लिहून ठेवलंय.

एकाच सेटिंगवर दोन कामं टांगण्याचा तोटाही आहे. कडेच्या खुणा लवकर दिसाव्यात म्हणून गिटगटरसारखी प्लगइनं अपडेटटाइम 100 मिलिसेकंदांवर आणायला सांगतात. तसं केलं की स्वॅप फाइलही तितक्याच वेळा डिस्कवर उतरू लागते. वेगवान डिस्कवर हे जाणवत नाही, पण नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरमध्ये लिहिणाऱ्याला टाइप करताना अडखळल्यासारखं होऊ शकतं. लिहिण्याच्या सुरक्षिततेचं आणि सजावटीचं घड्याळ वेगवेगळं असायला हवं होतं, असं मला वाटतं.

आता यातला सर्वांत नाजूक प्रश्न. स्वॅप फाइल उतरवणं अर्ध्यावर आलंय आणि तेवढ्यात तुम्ही पुन्हा टाइप करायला लागलात, तर व्हिमने काय करावं? काम संपवून मग अक्षर घ्यावं, की काम टाकून तुमच्याकडे यावं? किराण्याचा चांगला दुकानदार दुपारी गिऱ्हाईक नसताना साखरेच्या पुड्या बांधतो, पण पायरीवर कोणी चढलं की हातातली पुडी आहे तशी बाजूला ठेवून उठतो. व्हिमचा नियमही तसाच आहे. मजकुराचा किमान एक तुकडा तरी उतरवायचा आणि मग कळ आली आहे का बघायचं. आली असेल तर तिथेच थांबायचं, उरलेलं पुढच्या थांब्याला. तो ‘किमान एक’ही विचार करूनच घातलेला आहे. नाहीतर जो माणूस दर चार-पाच सेकंदांनी एकेक कळ दाबतो, त्याचा मजकूर कधीच पुढे सरकला नसता.

कळीला पहिला मान देण्याची ही रीत व्हिमहून जुनी आहे. 1978 मध्ये आलेला वर्डस्टार हा वर्ड प्रोसेसर आठवा. आजच्या मानाने अतिशय संथ प्रोसेसरवर तो चालायचा आणि पूर्ण पडदा पुन्हा रंगवायला डोळ्यांना दिसेल इतका वेळ लागायचा. वर्डस्टार पडदा रंगवता रंगवता मध्येच कळ आली का हे बघायचा आणि आली असेल तर रंगवणं अर्धवट टाकून अक्षर घ्यायचा. पडदा मागे राहायचा, अक्षर मात्र गळत नसे. ज्यांचा हात खरोखर चालायचा त्या टायपिस्टांना वर्डस्टार आवडला, यामागे हे एक मोठं कारण होतं. त्यातली आणखी एक सोय तर आजही नवीन वाटावी. कंट्रोल-के दाबलं की पुढे कोणती अक्षरं चालतात याची यादी वर्डस्टार दाखवायचा, पण लगेच नाही. तुम्ही दुसरी कळ झटकन दाबली तर यादी यायचीच नाही. अडखळलात, तरच यायची. आज्ञा पाठ असलेल्याच्या मध्ये यायचं नाही आणि नवख्याला विचारायला लावायचं नाही, हे दोन्ही एका छोट्या थांब्यावरून साधलं होतं.

ईमॅक्स या एडिटरने हा विचार सर्वांत लांब नेला. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स 1985 पासून लोकांच्या हाती आहे. त्यातही अर्धवट आज्ञा देऊन तुम्ही एक सेकंद थांबलात, तर तोवर दाबलेल्या कळा खालच्या ओळीत उमटतात. आपोआप जतन करण्याचे दोन निकष आहेत, 300 कळा किंवा 30 सेकंदांचा थांबा, आणि जतन केलेली प्रत नावाच्या दोन्ही टोकांना हॅश लावून ठेवली जाते. मात्र हे 30 सेकंद सरसकट नसतात. फाइल मोठी असेल तर ती उतरवायलाही वेळ लागणार, म्हणून ईमॅक्स थांबाही वाढवतो. छोट्या फाइलला 30 सेकंद, तर साधारण 1 एमबीच्या फाइलला दोन मिनिटांच्या आसपास. मोठ्या कामाला हात घालण्याआधी माणूस खरंच उठून गेलाय याची खात्री करून घ्यायची, असा तो हिशेब आहे. जतन झालं आणि तरीही कळ आली नाही, की मेमरीतला कचरा गोळा करायची पाळी येते. हे काम ईमॅक्सला कधी ना कधी करावंच लागतं. टाइप करताना केलं तर अक्षर उमटायला खटकेल इतका वेळ जातो, तुम्ही थांबलेले असताना केलं तर कळतही नाही.

ईमॅक्सचं वेगळेपण हे की हा रिकामा वेळ त्याने सर्वांना वाटून दिला. ‘माणूस इतका वेळ थांबला की हे कर’ असा टायमर तिथे कोणीही एका ओळीत लावू शकतो. फंक्शनला काय-काय द्यायचं हे खालच्या ओळीत सांगणारा एलडॉक अर्ध्या सेकंदाच्या थांब्यावर जागा होतो. आणि लांबलचक कामासाठी ‘व्हाइल-नो-इनपुट’ नावाची रचना आहे. तिच्या आत घातलेलं काम कळ पडली की जागच्या जागी सोडून दिलं जातं. प्लगइन लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही शिस्त पाळली, तर एडिटर कितीही गोष्टी करत असला तरी हाताला जड लागणार नाही. न पाळणारं एकच प्लगइन सगळ्या एडिटरला जड करतं, हाही अनुभव ईमॅक्स वापरणाऱ्यांना भरपूर आहे.

वाट पाहण्याचा आणखी एक प्रकार आहे, सेकंदांचा नाही, मिलिसेकंदांचा. एस्केप कळ दाबली की टर्मिनल 27 क्रमांकाचं एक बाइट पाठवतं. वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली तरी सुरुवात त्याच बाइटने होते. फक्त त्यामागून आणखी दोन बाइट येतात, एक खूण आणि एक ‘ए’ हे अक्षर. म्हणजे 27 हातात पडलं त्या क्षणी एडिटरला कळूच शकत नाही की माणसाने एस्केप दाबलं की बाण. मागून काही येतंय का, हे पाहायला त्याला थांबावंच लागतं. किती थांबायचं? कमी थांबला आणि नेटवर्क संथ असेल, तर बाणाचे बाइट तुटून येतात. व्हिमचा पूर्वज असलेल्या व्हीआयमध्ये याचा परिणाम चमत्कारिक व्हायचा. लिहिताना वरचा बाण दाबला तर 27 म्हणजे लिहिणं संपलं, खूण म्हणून आलेला ‘ओ’ म्हणजे वर नवी ओळ उघड, आणि मग त्या नव्या ओळीत ‘ए’ उमटायचं. जास्त थांबला, तर प्रत्येक एस्केपनंतर एडिटर घटकाभर गोठल्यासारखा वाटतो. व्हिमच्या आवृत्ती 8 पासूनच्या तयार सेटिंगमध्ये हा थांबा 100 मिलिसेकंद आहे, व्हिमपासूनच निघालेल्या निओव्हिममध्ये 50. स्वतःच्या मशीनवर लिहिणाऱ्याने तो आणखी कमी केला तरी चालतो.

मराठी टाइप करणाऱ्यांना हीच अडचण दुसऱ्या रूपात भेटते. ईमॅक्समधल्या आयट्रान्स पद्धतीने रोमन ‘के’ दाबलं की ‘क्’ दिसतं, त्यापुढे ‘एच’ दाबलं की त्याचं ‘ख्’ होतं आणि ‘ए’ दाबलं की ‘ख’. पहिल्या कळीनंतर अक्षर ठरलेलं नसतं. पण इथे घड्याळ लावायची गरज पडत नाही. ईमॅक्स ते अक्षर अधोरेखित करून दाखवतो आणि पुढची कळ काय येते त्यावर निर्णय घेतो. तुम्ही दहा मिनिटं थांबलात तरी ‘क्’ तसाच राहतो. एस्केपच्या बाबतीत हे जमत नाही, कारण एस्केप दाबून माणूस गप्प बसू शकतो आणि त्याला लगेच परिणाम हवा असतो.

रिकाम्या वेळाची किंमत खऱ्या अर्थाने कळली ती लॅपटॉप आल्यावर. आधुनिक प्रोसेसर काम नसलं की खोल झोपेत जातो आणि वीज वाचवतो. पण त्याला सारखं उठवलं तर त्या झोपेचा फायदा मिळत नाही. 2007 मध्ये लिनक्सच्या 2.6.21 या आवृत्तीने, काही कारण नसताना ठरावीक काळाने प्रोसेसरला उठवणारा ठोका बंद केला. त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप हा प्रोग्रॅम आणला. कोणता प्रोग्रॅम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतोय याची यादी तो दाखवतो. आपण तर काहीच करत नाही, असं ज्यांना वाटत होतं अशा कितीतरी प्रोग्रॅमांची नावं त्या यादीत निघाली.

अशा यादीत एडिटरला नेऊन बसवणारी वस्तू म्हणजे कर्सर. अर्धा सेकंद दिसायचं, अर्धा सेकंद लपायचं. यासाठी एडिटरला सेकंदातून दोनदा उठावं लागतं. ईमॅक्सने यावर साधा तोडगा काढला. तुम्ही काहीच केलं नाही तर दहा वेळा लुकलुकून कर्सर स्थिर होतो आणि तो टायमरच बंद पडतो. जीटीके या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवर बेतलेल्या एडिटरांमध्येही लुकलुकणं ठरावीक काळानंतर थांबतं. हे बहुतेकांच्या लक्षातही आलेलं नसतं, आणि येऊ नये असंच ते केलंय.

या बाबतीतला सर्वांत बोलका प्रसंग 2017 च्या मार्चमधला. व्हीएस कोड हा एडिटर नुसता समोर उघडा ठेवला, एकही कळ दाबली नाही, तरी मॅकवर तो प्रोसेसरचा 13 टक्के भाग खातो, अशी तक्रार एका वापरणाऱ्याने नोंदवली. शोध घेता घेता गुन्हेगार निघाला तो कर्सर. व्हीएस कोड ब्राउझरच्या तंत्रावर उभा आहे. त्याच्या आत क्रोमियम असतं. कर्सर लुकलुकवण्याचं काम तिथे सीएसएसच्या ॲनिमेशनवर सोपवलं होतं. दिसणारा बदल सेकंदाला दोनदाच होता, पण क्रोमियम कोणतंही ॲनिमेशन चालू असलं की सेकंदाला 60 वेळा चित्र तयार करायचं, मग त्यात बदल असो वा नसो. म्हणजे 58 वेळा तेच ते. दुरुस्ती छोटीच होती. ॲनिमेशन काढून कर्सर दाखवण्या-लपवण्याचं काम साध्या टायमरवर टाकलं गेलं. लाखो लॅपटॉपांची वीज एका लुकलुकणाऱ्या रेघेपायी जात होती आणि कोणी बघेपर्यंत कळलं नव्हतं. म्हणूनच मला वाटतं, एडिटर बनवणाऱ्यांनी नवी सोय तपासताना ‘कळ दाबली की काय होतं’ याच्याबरोबर ‘काहीच केलं नाही तर काय होतं’ हेही दरवेळी मोजायला हवं.

ब्राउझरांनी आता रिकाम्या वेळाला नियमात बसवलंय. 2015 पासून क्रोममध्ये ‘रिक्वेस्टआयडलकॉलबॅक’ नावाची सोय आहे. प्रोग्रॅम म्हणतो, मोकळा वेळ मिळाला की मला हाक मार. ब्राउझर हाक मारतो तेव्हा किती वेळ हातात आहे हेही सांगतो, आणि ती मुदत 50 मिलिसेकंदांच्या पुढे कधीच जात नाही. हा आकडा माणसावरून आलाय. कळ दाबल्यापासून 100 मिलिसेकंदांत उत्तर मिळालं तर माणसाला ते तत्काळ वाटतं. तुम्ही नेमक्या वाईट क्षणी, म्हणजे रिकामं काम नुकतंच सुरू झालं असताना कळ दाबली, तरी 50 मिलिसेकंदांत ते संपेल आणि उरलेल्या 50 मध्ये तुमचं अक्षर उमटेल. व्हीएस कोडही अशी बरीच कामं या सोयीवर सोपवतो. आपोआप सेव्ह करणं चालू केलं आणि ‘थांब्यानंतर’ हा पर्याय निवडला, तर शेवटच्या कळीनंतर एका सेकंदाने तो फाइल सेव्ह करतो.

व्हिमच्या चार सेकंदांपेक्षा हा एक सेकंद बरा, असं कोणालाही वाटेल. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. व्हीएस कोड या पर्यायात तुमची मूळ फाइलच बदलतो. व्हिम आणि ईमॅक्स शेजारच्या प्रतीत लिहितात, मूळ फाइलला तुमच्या आज्ञेशिवाय हात लावत नाहीत. अर्ध्यावर सोडलेलं, चुकलेलं, पुसायचं ठरवलेलं वाक्य तुमच्या परवानगीशिवाय खऱ्या फाइलमध्ये जात नाही. मला जुनी रीतच बरोबर वाटते. रिकाम्या वेळात एडिटरने माझं काम सांभाळावं. ते पूर्ण झालं हे मात्र मी ठरवावं.

व्हिम वापरणाऱ्यांना शेवटी एक सांगायचं आहे. वीज गेल्यावर किंवा टर्मिनल तुटल्यावर तीच फाइल पुन्हा उघडली की स्वॅप फाइल सापडल्याची लांबलचक सूचना येते. ती पाहून बरेच जण घाबरतात आणि स्वॅप फाइल पुसून टाकतात. तसं करू नका. तुम्ही थांबला होता त्या चार-चार सेकंदांत उतरवलेला मजकूर त्याच फाइलमध्ये आहे. आधी ती फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी तर नाही ना, हे बघा. नसेल तर ‘आर’ दाबून रिकव्हर करा आणि आलेला मजकूर वेगळ्या नावाने सेव्ह करा. मूळ फाइलशी ताडून पाहा, सगळं जागेवर आहे याची खात्री करा आणि मगच स्वॅप फाइल पुसा.